बहुमत होते, मतदान नव्हते : युक्रेनच्या मदतीची सहा महिन्यांची कोंडी

२० ऑक्टोबर २०२३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जो बायडेन यांनी काँग्रेसकडे सुमारे १०६ अब्ज डॉलरची पुरवणी मागणी पाठवली. त्यातले सुमारे ६१ अब्ज रशियाशी लढणाऱ्या युक्रेनसाठी आणि १४ अब्ज इस्रायलसाठी होते. उरलेली रक्कम मेक्सिकोलगतची सीमा, तैवानचा परिसर आणि मानवतावादी मदत यांत वाटलेली होती. युक्रेनच्या पैशांना प्रत्यक्ष मंजुरी मिळून कायद्यावर सही व्हायला २४ एप्रिल २०२४ उजाडला. मधले सहा महिने अमेरिकी राजकारणातल्या कोंडीचा नमुना म्हणून अभ्यासले जातात. या कोंडीची विलक्षण गोष्ट अशी, की मदतीच्या बाजूने बहुमत नव्हते म्हणून ती निर्माण झाली नाही. मागणी येण्याच्या तीन आठवडे आधी, २८ सप्टेंबर २०२३ रोजी, प्रतिनिधिगृहाने युक्रेनसाठी ३० कोटी डॉलरची छोटी तरतूद ३११ विरुद्ध ११७ मतांनी मंजूर केली होती. एप्रिल २०२४ मध्ये मोठी मदत मंजूर झाली तेव्हाही बाजूने पडलेली मते ३११च होती. सहा महिन्यांत सभागृहाचे मत जवळपास हलले नाही. हलायला वेळ लागला तो मतदानाला.

असे का होऊ शकते हे समजण्यासाठी अमेरिकी राज्यघटनेतली अधिकारांची विभागणी पाहावी लागते. अध्यक्ष सेनादलांचा सरसेनापती असतो आणि परराष्ट्र धोरण तोच चालवतो. पण युद्ध जाहीर करण्याचा अधिकार काँग्रेसचा आहे, आणि तिने संमत केलेल्या कायद्याशिवाय तिजोरीतून एक डॉलरही काढता येत नाही. युद्ध जाहीर करण्याचा अधिकार आता जवळजवळ कागदावर उरला आहे. काँग्रेसने शेवटचे युद्ध जून १९४२ मध्ये बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानिया यांच्याविरुद्ध जाहीर केले. कोरिया, व्हिएतनाम, इराक ही युद्धे औपचारिक घोषणेविनाच लढली गेली. तिजोरीच्या किल्ल्या मात्र काँग्रेसने सोडलेल्या नाहीत. त्यामुळे परक्या युद्धाबाबतचा देशांतर्गत वाद बहुतेक वेळा पैशाच्या विधेयकावर येऊन ठेपतो.

भारतीय वाचकाला ही व्यवस्था चमत्कारिक वाटणे साहजिक आहे. आपल्याकडे सरकार लोकसभेतल्या बहुमतातूनच बनते, खर्चाच्या मागणीवर हरले तर ते टिकू शकत नाही, आणि १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षादेश मोडणाऱ्या खासदाराला सदस्यत्व गमवावे लागू शकते. अमेरिकेत अध्यक्ष वेगळा निवडून येतो, प्रतिनिधिगृह वेगळे आणि सिनेट वेगळे. तिन्ही ठिकाणी वेगवेगळी मंडळी बसली तरी कुणाचेही पद जात नाही आणि मुदतीआधी निवडणूक लागत नाही. पक्षादेश मोडला म्हणून सदस्यत्व जाण्याचा प्रश्नच नसतो. कोंडी झाली की ती फोडण्याचा घटनात्मक मार्ग नाही. वाटाघाटी करायच्या किंवा पुढच्या निवडणुकीपर्यंत थांबायचे.

परराष्ट्र धोरणात पक्षीय भांडण किनाऱ्यावर थांबते, अशी एक म्हण वॉशिंग्टनमध्ये प्रचलित आहे. ती मिशिगनचे रिपब्लिकन सिनेटर आर्थर व्हँडेनबर्ग यांच्या नावाशी जोडली जाते, आणि त्यांच्या काळापुरती ती बऱ्याच अंशी खरीही होती. १९४७ मध्ये डेमोक्रॅट अध्यक्ष ट्रुमन यांनी ग्रीस आणि तुर्कस्तानसाठी ४० कोटी डॉलर मागितले, तेव्हा दोन्ही सभागृहे रिपब्लिकनांच्या हाती होती. तरी मदत मंजूर झाली आणि पुढल्या वर्षी मार्शल योजनाही. पण ही वर्षे म्हणजे नियम नव्हते, अपवाद होता. त्याआधीचा आणि नंतरचा इतिहास पाहिला तर भांडण किनाऱ्यावर फारसे कधी थांबलेले दिसत नाही.

सिनेटमधली कोंडी फोडण्याचा नियम तर परक्या युद्धावरच्या भांडणातूनच जन्माला आला. १९१७ च्या प्रारंभी जर्मन पाणबुड्यांपासून बचावासाठी अमेरिकी व्यापारी जहाजांवर तोफा बसवू देणारे विधेयक वुड्रो विल्सन यांनी आणले. विस्कॉन्सिनचे रॉबर्ट ला फॉलेट आणि त्यांच्या मूठभर सहकाऱ्यांनी ४ मार्चला काँग्रेसची मुदत संपेपर्यंत चर्चा लांबवली आणि विधेयक बुडाले. विल्सन यांनी त्या हटवादी गटावर जाहीर आगपाखड केली. चारच दिवसांनी सिनेटने चर्चा संपवण्याचा नियम केला : दोन तृतीयांश मते पडली तर चर्चा बंद. हा नियम पहिल्यांदा वापरला गेला तो नोव्हेंबर १९१९ मध्ये, व्हर्सायच्या तहावरची चर्चा आवरण्यासाठी. चर्चा आवरली, तह मात्र फेटाळला गेला. १९७५ मध्ये ही मर्यादा तीन पंचमांशांवर, म्हणजे शंभरांपैकी साठ मतांवर, आणली गेली. आज विरोधकांना रात्रभर उभे राहून भाषणे ठोकावी लागत नाहीत. साठ मते जमत नाहीत एवढे दिसले की विधेयक जागच्या जागी अडते.

समितीतल्या एका मताने इतिहास अडकल्याचे उदाहरणही आहे. युरोपात युद्ध पेटणार हे दिसत असताना फ्रँकलिन रूझवेल्ट यांना तटस्थता कायद्यातली शस्त्रविक्रीची बंदी उठवून हवी होती. जुलै १९३९ मध्ये सिनेटच्या परराष्ट्र समितीने १२ विरुद्ध ११ मतांनी तो विषय पुढच्या अधिवेशनावर ढकलला. सप्टेंबरमध्ये हिटलरने पोलंडवर हल्ला केला आणि नोव्हेंबरमध्ये, रोख पैसे मोजून आपल्याच जहाजातून माल नेण्याच्या अटीवर, बंदी उठली. ब्रिटनकडचे पैसे संपत आल्यावर १९४१ च्या आरंभी उसनवारीने शस्त्रे देण्याचे लेंड-लीज विधेयक आले. त्यावर दोन महिने कडवी चर्चा झाली आणि ११ मार्चला सही झाली. त्या वादातले मुद्दे आज वाचले तर ओळखीचे वाटतात : युरोपचे भांडण युरोपने मिटवावे, अध्यक्षाला मोकाट अधिकार देऊ नयेत, आधी आपले घर सांभाळावे.

व्हिएतनामने या नात्यात कायमचा संशय पेरला. ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातासंबंधीच्या ठरावाने लिंडन जॉन्सन यांना जवळजवळ मोकळे रान मिळाले. प्रतिनिधिगृहात विरोधात एकही मत पडले नाही, सिनेटमध्ये दोनच पडली. पुढे आपण फसवले गेलो अशी भावना काँग्रेसमध्ये बळावली आणि नोव्हेंबर १९७३ मध्ये तिने निक्सन यांचा नकाराधिकार ओलांडून युद्धाधिकारांचा कायदा केला. त्यानुसार अध्यक्षाने सैन्य लढाईत उतरवले तर ४८ तासांत काँग्रेसला कळवायचे आणि संमती न मिळाल्यास साधारण ६० दिवसांत ते परत बोलवायचे. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात निक्सन पाकिस्तानच्या पाठीशी उभे राहिले, तेव्हाही काँग्रेसमधून त्यांच्यावर टीका झाली होती. सिनेटर एडवर्ड केनेडी भारतात येऊन निर्वासितांच्या छावण्या पाहून गेले होते. एप्रिल १९७५ मध्ये जेराल्ड फोर्ड यांनी दक्षिण व्हिएतनामसाठी ७२ कोटी २० लाख डॉलरची लष्करी मदत मागितली. काँग्रेसने ती दिली नाही आणि ३० एप्रिलला सायगाव पडले. मदत मिळाली असती तरी काही फरक पडला नसता, असे एक मत आहे; काँग्रेसने मित्राला वाऱ्यावर सोडले, असे दुसरे. अर्धशतकानंतर युक्रेनच्या बाबतीत हाच वाद जवळपास याच शब्दांत झाला.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर पूर्ण ताकदीनिशी हल्ला केला तेव्हा मात्र कोंडीचे चिन्ह नव्हते. मार्च, मे, सप्टेंबर आणि डिसेंबर असे वर्षभरात चार वेळा काँग्रेसने पैसे दिले. एकूण आकडा सुमारे ११३ अब्ज डॉलरवर गेला. मे महिन्यातले ४० अब्जांचे विधेयक प्रतिनिधिगृहात ३६८ विरुद्ध ५७, तर सिनेटमध्ये ८६ विरुद्ध ११ मतांनी संमत झाले. ५७ ही सगळी मते रिपब्लिकनांची होती. त्या वेळी हा आकडा नगण्य वाटला, पण वाढत्या विरोधाची सुरुवात इथेच होती.

मदतीचे दोन मुख्य मार्ग होते आणि त्यातला फरक ध्यानात घेतल्याशिवाय पुढचा घटनाक्रम उलगडत नाही. पहिला मार्ग अमेरिकी सेनेच्या कोठारातला माल थेट उचलून देण्याचा. १९६१ च्या परराष्ट्र साहाय्य कायद्याने अध्यक्षाला तसा अधिकार आहे, मात्र त्याची वार्षिक मर्यादा काँग्रेस ठरवते. आणि कोठार पुन्हा भरायला पैसे मंजूर नसतील तर अधिकार असूनही कोणी माल काढायला धजावत नाही. दुसरा मार्ग युक्रेनसाठी कारखान्यांकडून नवा माल बनवून घेण्याचा. तो पोहोचायला महिने, कधी वर्षे लागतात. आघाडीवर आज लागणारे तोफगोळे पहिल्या मार्गाने जातात. म्हणून पहिल्या मार्गाचे पैसे आटले की काही आठवड्यांतच खंदकात त्याचा परिणाम दिसू लागतो.

नोव्हेंबर २०२२ च्या निवडणुकीत रिपब्लिकनांनी २२२ विरुद्ध २१३ असे निसटत्या फरकाने प्रतिनिधिगृह जिंकले. त्यांचे नेते केव्हिन मॅकार्थी यांनी निवडणुकीआधीच युक्रेनला कोरा धनादेश मिळणार नाही असे सांगितले होते. जानेवारी २०२३ मध्ये सभापती होण्यासाठी त्यांना पंधरा वेळा मतदानाला सामोरे जावे लागले. पहिल्या फेरीत सभापती न ठरण्याची ही शंभर वर्षांतली पहिलीच वेळ. पक्षातल्या कडव्या गटाची मते मिळवताना त्यांनी एक सवलत दिली : कोणताही एकटा सदस्य सभापतीला हटवण्याचा ठराव मांडू शकेल. पुढचे सगळे याच सवलतीने घडवले. सभागृहात कोणते विधेयक कधी घ्यायचे हे सभापती ठरवतो. तो अधिकार वापरताना पाच-सहा नाराज माणसांकडे सतत बघत राहण्याची पाळी आता त्याच्यावर आली.

शिवाय रिपब्लिकन पक्षात एक अलिखित संकेत आहे. १९९९ ते २००७ या काळातले सभापती डेनिस हॅस्टर्ट यांच्या नावाने तो ओळखला जातो. आपल्या पक्षातल्या बहुसंख्य सदस्यांना मान्य नसलेले विधेयक सभापतीने मतदानाला आणू नये, असा तो संकेत. याचा हिशेब सोपा आहे. सभागृहातले तीनशे जण एखाद्या गोष्टीला अनुकूल असले तरी सत्ताधारी पक्षातले निम्म्याहून एक जास्त सदस्य प्रतिकूल असतील, तर ती गोष्ट चर्चेला येत नाही. सभागृहातला अल्पसंख्य गट पक्षाच्या बैठकीत बहुसंख्य ठरतो.

सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस सरकारी खर्चाची मुदत संपत होती. सरकारी कचेऱ्या बंद पडू नयेत म्हणून मॅकार्थी यांनी शेवटच्या दिवशी, ३० सप्टेंबरला, ४५ दिवसांची तात्पुरती तरतूद आणली. ती ३३५ विरुद्ध ९१ मतांनी संमत झाली. तीत युक्रेनसाठी एक पैही नव्हती, कारण त्या मुद्द्यावर गाडी अडली असती. विधेयकाला रिपब्लिकनांपेक्षा डेमोक्रॅटांची मते जास्त पडली, आणि हाच मॅकार्थी यांचा गुन्हा ठरला. ३ ऑक्टोबरला फ्लोरिडाचे मॅट गेट्झ यांच्या ठरावावर २१६ विरुद्ध २१० मतांनी ते पदावरून गेले. अमेरिकेच्या इतिहासात सभापतीला असे हटवण्याचा हा पहिलाच प्रसंग. आठ रिपब्लिकन विरोधात गेले. उपस्थित असलेल्या सर्व डेमोक्रॅटांनीही त्यांना साथ दिली. मॅकार्थी यांना वाचवण्यात डेमोक्रॅटांना स्वारस्य नव्हते हे राजकारण म्हणून समजण्याजोगे आहे, पण युक्रेनच्या मदतीला होकार देणाऱ्या पक्षाने त्या दिवशी कोंडी आणखी घट्ट केली, ही टीकाही रास्त म्हणावी लागेल.

त्यानंतर बावीस दिवस सभागृहाला सभापती नव्हता. रिपब्लिकन उमेदवारांपैकी स्टीव्ह स्कॅलिस यांनी माघार घेतली, जिम जॉर्डन तीनदा हरले, टॉम एमर काही तासांतच बाजूला झाले. याच काळात, ७ ऑक्टोबरला, हमासने इस्रायलवर हल्ला केला. जगात दोन युद्धे सुरू असताना अमेरिकेचे प्रतिनिधिगृह एकही विधेयक संमत करण्याच्या अवस्थेत नव्हते. २५ ऑक्टोबरला लुईझियानाचे माइक जॉन्सन निवडून आले. फारसे कुणाला माहीत नसलेले हे गृहस्थ युक्रेनच्या मदतीविरुद्ध मत देत आलेले होते.

बायडेन यांनी सगळ्या मागण्या एकत्र बांधण्यामागे हिशेब होता. इस्रायलला पाठिंबा देणारा सदस्य युक्रेनलाही गिळेल, सीमेची काळजी असणारा दोन्हींना. व्यवहारात उलटे झाले. प्रत्येकाला गाठोड्यात नावडती एक तरी गोष्ट सापडली. सिनेटमधल्या रिपब्लिकनांनी आधी सीमा, मग युक्रेन अशी अट घातली. तिला आधार नव्हता असे नाही. डिसेंबर २०२३ मध्ये दक्षिण सीमेवर बेकायदा आलेल्या सुमारे अडीच लाख लोकांची नोंद झाली, तो उच्चांक होता. ६ डिसेंबरला सिनेटमध्ये चर्चा सुरू करण्याचा प्रस्तावच ४९ विरुद्ध ५१ असा पडला. १२ डिसेंबरला युक्रेनचे अध्यक्ष व्होलोदिमिर झेलेन्स्की स्वतः वॉशिंग्टनला येऊन रिकाम्या हाताने परतले. वर्षभरापूर्वी काँग्रेसच्या इमारतीत दोन्ही सभागृहांनी उभे राहून त्यांचे स्वागत केले होते.

पुढे जे घडले ते कोंडीच्या अभ्यासकाला सर्वांत बोधप्रद आहे. रिपब्लिकन जेम्स लँकफर्ड, डेमोक्रॅट ख्रिस मर्फी आणि अपक्ष कर्स्टन सिनेमा या तीन सिनेटरांनी काही महिने खपून सीमेवरचे नियम बरेच कडक करणारी तडजोड तयार केली. ४ फेब्रुवारी २०२४ रोजी ११८ अब्ज डॉलरचा मसुदा जाहीर झाला. रिपब्लिकनांनी मागितलेल्या बऱ्याच गोष्टी त्यात होत्या. पण डोनाल्ड ट्रम्प त्या वर्षीच्या निवडणुकीत सीमेच्या प्रश्नावरच लढणार होते. त्यांनी विरोध जाहीर केला आणि ७ फेब्रुवारीला मसुदा कोसळला. ज्या अटीसाठी मदत अडवली होती ती अट मान्य होताच ती नाकारली गेली. प्रश्न सुटण्यापेक्षा तो शिल्लक राहणे एखाद्या पक्षाला जास्त सोयीचे असते, हे इतक्या उघडपणे क्वचितच दिसते. मग सिनेटने सीमा वगळून ९५ अब्जांचे विधेयक घेतले आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे ७० विरुद्ध २९ मतांनी संमत केले. बावीस रिपब्लिकनांनी होकार दिला. गाझातल्या युद्धामुळे इस्रायलला शस्त्रे देण्यास विरोध असलेले बर्नी सँडर्स, जेफ मर्कली आणि पीटर वेल्च डावीकडून विरोधात गेले. जॉन्सन यांनी मात्र ते विधेयक प्रतिनिधिगृहात घेतलेच नाही.

आघाडीवर याचा हिशेब तोफगोळ्यांत होत होता. अमेरिकेने जुन्या मंजुरीतले शेवटचे २५ कोटी डॉलरचे साहित्य २७ डिसेंबरला जाहीर केले. त्यानंतर मार्चमध्ये, जुन्या कंत्राटांत वाचलेल्या पैशांतून काढलेले ३० कोटींचे एक पॅकेज सोडले तर, एप्रिलअखेरपर्यंत काही नाही. १७ फेब्रुवारीला युक्रेनने दोनेत्स्क प्रांतातले अवदीव्का सोडले. बायडेन यांनी त्याचा दोष थेट काँग्रेसच्या निष्क्रियतेला दिला. तो पूर्णपणे खरा धरता येत नाही. माणसांची टंचाई, तटबंदीला झालेला उशीर आणि रशियाचे हवेतून टाकले जाणारे जड बाँब हीही कारणे होती. पण दारूगोळ्याची तूट खरी होती. एप्रिलमध्ये युरोपातले अमेरिकी सेनाप्रमुख जनरल ख्रिस्तोफर कव्होली यांनी काँग्रेसला सांगितले, की युक्रेनच्या एका गोळ्यामागे रशिया पाच डागत आहे आणि काही आठवड्यांत हे प्रमाण दहाला एक होईल. ११ एप्रिलला कीवजवळचे त्रिपिल्या औष्णिक वीजकेंद्र उद्ध्वस्त झाले, कारण ते वाचवणारी क्षेपणास्त्रे संपली होती.

युरोपने ही तूट भरून काढावी असे म्हणणे सोपे होते, पण तिथेही वेगळ्या जातीची कोंडी होती. युरोपीय संघात असे निर्णय एकमताने लागतात. ५० अब्ज युरोंच्या मदतीला हंगेरीचे व्हिक्टर ओर्बान यांनी डिसेंबरमध्ये एकट्याने अडवले. ती १ फेब्रुवारी २०२४ ला मंजूर झाली. मार्च २०२४ पर्यंत दहा लाख तोफगोळे देण्याचा संघाचा वायदा जेमतेम अर्धा पुरा झाला.

या सगळ्या काळात नेत्यांवरची टीका एका दिशेने येत नव्हती. बायडेन यांच्यावर एका बाजूने आरोप होता की त्यांनी फार दिले आणि शेवट काय हे सांगितले नाही. विजय म्हणजे काय, किती वर्षे, किती पैसे, यावर व्हाइट हाउसचे उत्तर लागेल तितका काळ असे असे. खर्चाची मंजुरी मागताना हे उत्तर दुबळेच होते. दुसऱ्या बाजूचा आरोप नेमका उलटा, की त्यांनी प्रत्येक शस्त्र उशिरा आणि कचरत दिले. हायमार्स रॉकेटे जून २०२२ मध्ये, एब्राम्स रणगाड्यांचा निर्णय जानेवारी २०२३ मध्ये, एफ-१६ विमानांना अनुमती मे २०२३ मध्ये, कमी पल्ल्याची अटॅकम्स क्षेपणास्त्रे ऑक्टोबरमध्ये. रशियाने अण्वस्त्रांची भीती घालावी, वॉशिंग्टनने महिनोन्महिने विचार करावा आणि मग तेच शस्त्र द्यावे, असा क्रम बनला. पहिला आरोप करणारे आणि दुसरा करणारे कधी कधी एकाच पक्षाचे असत. जॉन्सन यांच्यावर टीका होती ती मत बदलण्याबद्दल नव्हे, तर मत घेऊ न देण्याबद्दल. काँग्रेसबाहेरच्या टीकाकारांचा रोख दोघांवरही होता : अध्यक्षांनी लोकांना युद्धाचे महत्त्व पुरेसे पटवले नाही आणि काँग्रेसने ते पटवून घ्यायची तसदी घेतली नाही.

परदेशात पैसे पाठवायचे की देशात खर्च करायचे, अशी मांडणी सभांमध्ये प्रभावी ठरली, पण ती अर्धवट होती. मदतीचा मोठा भाग अमेरिकी कारखान्यांतच खर्च होत होता. पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटन इथल्या कारखान्यात १५५ मिलिमीटरचे तोफगोळे बनतात. युद्धाआधी अमेरिकेत असे महिन्याला सुमारे १४,००० गोळे बनत. २०२३ च्या अखेरीस ते दुप्पट झाले आणि लक्ष्य एक लाखाचे ठेवले गेले. ६१ अब्जांपैकीही २३ अब्ज अमेरिकी सेनेची स्वतःची कोठारे पुन्हा भरण्यासाठी होते. हे आकडे व्हाइट हाउसने लोकांपुढे उशिरा आणले.

कोंडी फुटली ती एप्रिलमध्ये, आणि फोडण्याचे तंत्र पाहण्यासारखे आहे. १३ एप्रिलच्या रात्री इराणने इस्रायलवर शेकडो ड्रोन आणि क्षेपणास्त्रे सोडली. इस्रायलची मदत आता थांबवता येईना, आणि ती एकटी पुढे नेली तर सिनेटमध्ये अडली असती. सभापतीला वळसा घालण्याचा एक मार्ग नियमांत आहे : २१८ सदस्यांनी अर्जावर सह्या केल्या तर विधेयक सभागृहात आणावेच लागते. तसा अर्ज फिरत होता, पण आपल्या सभापतीविरुद्ध सही करायला रिपब्लिकन कचरत होते आणि इस्रायलच्या पैशांमुळे काही डेमोक्रॅटही. तो तिथेच थबकला, तरी जॉन्सन यांच्यावर दडपण होतेच. गुप्तचर खात्याचे अहवाल पाहून त्यांचे मतही पालटले होते, असे त्यांनी स्वतः सांगितले.

त्यांनी गाठोडे सोडले. युक्रेन, इस्रायल, हिंद-प्रशांत क्षेत्र आणि चौथ्यात टिकटॉकवरची अट व गोठवलेली रशियन मालमत्ता, अशी चार वेगळी विधेयके केली. प्रत्येकावर वेगळे मत घ्यायचे आणि संमत झालेली चारही पुन्हा बांधून सिनेटकडे पाठवायची. त्यामुळे कोणालाही नावडत्या गोष्टीला मत द्यावे लागले नाही आणि प्रत्येक विधेयकाला स्वतःचे बहुमत मिळाले. युक्रेनच्या आर्थिक साहाय्याला माफ करता येण्याजोग्या कर्जाचे रूप दिले. ही कल्पना ट्रम्प यांनी बोलून दाखवलेली असल्याने रिपब्लिकनांची अडचण कमी झाली. खरा अडथळा त्याआधीच होता. विधेयक सभागृहात येण्यापूर्वी नियम समितीतून जावे लागते आणि तिथले तीन रिपब्लिकन विरोधात होते. अशा वेळी विरोधी पक्ष सभापतीला मदत करत नाही, ही रीत. या वेळी समितीतल्या चारही डेमोक्रॅटांनी होकार दिला. चर्चेच्या नियमावर सभागृहात ३१६ विरुद्ध ९४ मते पडली आणि होकार देणाऱ्यांत डेमोक्रॅटच जास्त होते.

२० एप्रिलला युक्रेनचे विधेयक ३११ विरुद्ध ११२ मतांनी संमत झाले. मत देणाऱ्या सर्व २१० डेमोक्रॅटांनी पाठिंबा दिला. रिपब्लिकनांत १०१ बाजूने, ११२ विरुद्ध. म्हणजे हॅस्टर्ट यांचा संकेत मोडला गेला. इस्रायलच्या विधेयकाला ३६६ मते मिळाली आणि विरोधातल्या ५८ मध्ये ३७ डेमोक्रॅट होते. सिनेटने २३ एप्रिलला ७९ विरुद्ध १८ मतांनी मान्यता दिली. दुसऱ्या दिवशी बायडेन यांनी सही केली आणि त्याच दिवशी एक अब्ज डॉलरचे साहित्य जाहीर झाले. जॉर्जियाच्या मार्जोरी टेलर ग्रीन यांनी जॉन्सन यांना हटवण्याचा ठराव ८ मे रोजी मतदानाला आणला, तेव्हा डेमोक्रॅटांनी तो ३५९ विरुद्ध ४३ अशा फरकाने बाजूला टाकायला मदत केली. मॅकार्थी यांना जे मिळाले नव्हते ते जॉन्सन यांना मिळाले.

काँग्रेसने पैसे मंजूर केले म्हणजे ते पोहोचतातच असे नाही, ही या विषयाची दुसरी बाजू. २०१९ मध्ये ट्रम्प यांच्या प्रशासनाने युक्रेनसाठी मंजूर असलेले सुमारे ३९ कोटी डॉलर रोखून धरले होते. काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने जानेवारी २०२० मध्ये त्याला १९७४ च्या निधीरोध कायद्याचा भंग ठरवले. तोवर त्याच प्रकरणावरून प्रतिनिधिगृहाने त्यांच्यावर महाभियोग चालवला होता आणि पुढे सिनेटने त्यांना निर्दोष सोडले. बायडेन पायउतार झाले तेव्हा कोठारातून माल देण्याचा जवळपास चार अब्ज डॉलरचा अधिकार वापराविना शिल्लक होता. ३ मार्च २०२५ रोजी ट्रम्प यांनी लष्करी मदत थांबवली आणि आठवडाभराने, ११ मार्चला, पुन्हा सुरू केली. दोन्ही वेळा काँग्रेसचे मत घेतले गेले नाही.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये सिनेटर लिंडसे ग्रॅहॅम आणि रिचर्ड ब्लुमेन्थाल यांनी रशियाचे तेल घेणाऱ्या देशांच्या मालावर जबर आयातशुल्क लावणारे विधेयक सिनेटमध्ये मांडले. त्या खरेदीदारांत भारत हा एक मोठा देश. शंभरांपैकी ऐंशीहून अधिक सिनेटरांनी त्यावर नाव घातले. साठच काय, नकाराधिकार ओलांडायला लागतात तितक्याहून जास्त मते हाताशी होती. तरी नेतृत्वाने अध्यक्षांच्या संमतीची वाट पाहिली, उन्हाळा संपला आणि विधेयक मतदानाला आले नाही. १ ऑक्टोबरपासून तर खर्चाची तरतूदच नसल्याने सरकारचे कामकाज ४३ दिवस बंद राहिले.